टाक्यातला एकडोळ्या

महिपती मास्तरांचा एका वाक्यावर फार राग होता. तिसरीच्या सृष्टिज्ञानाच्या पुस्तकात ते वाक्य होतं आणि आंबेखिंडीच्या शाळेतली पोरं ते सकाळी घसा ताणून म्हणायची. "अशुद्ध जलाच्या सेवनाने नानाविध व्याधी उद्भवतात, यास्तव जल वस्त्रगाळ करून प्राशन करावे." छप्पर गळणाऱ्या त्या एका खोलीत चौतीस आवाज एकदम निघत आणि बाहेर बांधलेली गुरं कान टवकारत. मास्तर हातातली छडी टेबलावर ठेवत आणि खिडकीबाहेर बघत बसत.

हे एकोणीसशे पस्तीस सालचं. मास्तर पंचेचाळिशीकडे झुकलेले. मूळचे औंढ्याचे, शेतकऱ्याघरचे. सातवीची फायनल परीक्षा पास झाले, पुण्याला ट्रेनिंग करून आले आणि मावळातल्या शाळांमधून फिरत फिरत आंबेखिंडीला पोचले. त्यांच्याकडे एक गोष्ट अशी होती, जी तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याच मास्तराकडे नव्हती. लहानपणी ते ठाकरांच्या पोरांबरोबर डोंगरावर गुरं राखायला जायचे, त्यामुळे त्यांना ठाकरी बोली घरच्यासारखी यायची. आंबेखिंडीच्या माथ्यावर ठाकरवाडी होती. तिथली नऊ पोरं शाळेत यायची आणि भिंतीला टेकून मागं बसायची.

त्या नवांत एकच मुलगी, चिंगी. शिदू ठाकराची पोर. धाकट्या भावाला सोडायला यायची आणि दाराबाहेर थांबायची. मास्तरांनी एक दिवस तिलाच पाटी दिली. भाऊ वर्षभरात शाळा सोडून शेळ्यांमागं गेला, चिंगी राहिली. तिचं पाठांतर असं होतं की एकदा ऐकलेलं ती चुकत नसे.

आषाढात लावणी चालू असताना मास्तरांनी तिला उभं केलं. तिनं पाण्याचं वाक्य स्वल्पविरामासकट म्हणून दाखवलं. मास्तरांनी ठाकरीत विचारलं, "म्हणजे काय गं?"

चिंगी हळूच म्हणाली, "ठावं न्हाई. पुस्तकातलं हाय." (तिची बोली इथं जशीच्या तशी उतरवली तर वाचणाऱ्याला अडेल, म्हणून थोडी सोपी करून सांगतोय.)

"वस्त्र म्हणजे?"

"देवाचं असतं ते."

"आई कुठंय तुझी? लावणीला गेली?"

"न्हाई. निजून हाय. तिला नारू झालाय."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. नारू त्यांना नवा नव्हता. पायावर फोड येतो, फुटतो आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढतो. तो काडीला गुंडाळायचा, रोज दोन बोटं ओढायचा. महिना लागतो, दीड महिना लागतो. मध्येच तुटला तर पाय सुजून सडतो. त्या वर्षी ठाकरवाडीत अकरा माणसं अशी काडी बांधून पडली होती आणि सगळ्या वर्षाच्या भाताची लावणी त्यांच्यावाचून चालली होती. उन्हाळ्यात वाडीचे झरे आटत. मग डोंगराच्या कपारीत खडकात खोदलेल्या जुन्या टाक्याचं पाणी सगळी वाडी पीत असे. टाक्याला पायऱ्या होत्या. बाया त्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहत आणि हंडे भरत.

मास्तरांकडे आरोग्याचं एक छापील पत्रक होतं. नारू कसा होतो ते त्यात सगळं दिलेलं होतं. पण त्याची भाषा सृष्टिज्ञानाच्या पुस्तकाच्या वरताण. आठवडाभर मास्तर त्या पत्रकाशी झटले. मग त्यांनी एक वही घेतली. डाव्या पानावर शाळेच्या भाषेत गोष्ट लिहिली आणि उजव्या पानावर तीच ठाकरीत.

गोष्ट अशी होती. टाक्यात एक जीव राहतो, तिळाच्या चौथाईएवढा. त्याला कपाळावर एकच डोळा. नाव एकडोळ्या. तो बिचारा सदा भुकेला. नारूचा पाय घेऊन कुणी पाण्यात उतरलं की जंत आपली पिलं पाण्यात सोडतो. एकडोळ्या ती गिळतो. मग कुणी पाणी प्यालं की एकडोळ्या पोटात जातो. तो तिथं मरतो, पण पिलं मरत नाहीत. ती माणसाच्या अंगात वाढतात. आंबे येतात, भात येतं, पुन्हा आंबे येतात, आणि वर्षानं जंत पायातून बाहेर डोकावतो. काय करायचं? लुगड्याच्या पदराची दुहेरी घडी घालून पाणी गाळायचं. एकडोळ्या पदरावर अडकतो.

श्रावणात एका दुपारी त्यांनी ती सांगितली. आधी डावं पान, मग उजवं. उजवं सुरू झालं तशी मागची नऊ पोरं भिंत सोडून पुढं सरकली. एकडोळ्याचं गिळणं मास्तरांनी आवाज काढून दाखवलं. गावची पोरंही हसली. त्यांना ठाकरी अर्धीमुर्धी कळत होती, पण गोष्ट कळतच होती. शाळा सुटली तरी कुणी उठेना. मास्तरांना वाटलं, वीस वर्षांत आज पहिल्यांदा आपण काहीतरी शिकवलं.

हा आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी भिमाजी आला. हा गावचा मोठा खातेदार आणि शाळाकमिटीचा पंच. खोलीत न येता दारातच उभा राहिला.

"मास्तर, आमची पोरं घरी ठाकरी बोलायला लागलीत. नातू काल आजीला म्हनला, एकडोळ्या आला. आमी पोरं हितं कशापायी धाडतो? उद्या तलाठ्याफुडं उभं ऱ्हायलं तर कंच्या तोंडानं बोलायची?"

"भिमाजीभाऊ, ठाकरी मी त्यांना शिकवत नाही. गोष्ट समजावी म्हणून..."

"समजायचं ते पुस्तकातनं समजंल. सरकारनं छापलंय ते काय उगी?"

मास्तर त्याच्याशी वाद घालू शकले असते. पण त्याच आठवड्यात वाडीवरून शिदू आला, चिंगीचा बाप. खांद्यावर कोयती, पावसानं भिजलेला. तो भांडायला आला नव्हता. हात जोडूनच बोलला, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं.

"मास्तर, आमची बोली आमाला येती. ती शिकाय पोर कशाला धाडू? तिला तुमची बोली द्या. बाजारात लोक आमाला हसतात, तशी तिला हसू नयेत."

"शिदू, अरे, पण बायको तुझी दोन महिने पडून आहे. त्या पाण्याचं पोरीला कळायला नको?"

"कळू द्या की. तुमच्या बोलीत कळू द्या."

तो गेल्यावर मास्तरांनी वही पुढं घेतली. गावाला उजवं पान नको होतं आणि वाडीलाही उजवं पान नको होतं. ज्या पानावर पोरं पुढं सरकली होती ते पान कुणालाच नको होतं.

मार्गशीर्षात शाळेची तपासणी आली. साहेब पुण्याहून लोणावळ्यापर्यंत गाडीनं आणि पुढं टांग्यानं आले होते. हाडं खिळखिळी झालेली. त्यांनी सृष्टिज्ञान काढलं आणि विचारलं, "जल वस्त्रगाळ का करावे?"

गावच्या पोरांनी "नानाविध व्याधी" म्हणून दाखवल्या. साहेबांनी मान हलवली. मग मागं बोट केलं, "ती मुलगी."

चिंगी उभी राहिली. पाठ केलेलं वाक्य तिला येत होतं, पण साहेबांनी "का" विचारलं होतं आणि वाक्यात "का" नव्हता. म्हणून तिनं ठाकरीत सांगायला सुरुवात केली. जंत, पिलं, एकडोळ्या, पोट, वर्ष. सगळं बरोबर, क्रमानं. साहेबांना एक अक्षर कळलं नाही.

"ही काय बोलते आहे?"

"साहेब, ती रोगाचं कारण सांगते आहे. बरोबर सांगते आहे. मी भाषांतर करू का?"

"मास्तर, ही मराठी शाळा आहे. मुलीला प्रश्न समजला नाही, असं मी धरतो."

शेरेबुकात त्यांनी लिहिलं: मागील रांगेची तयारी असमाधानकारक; शिक्षक ग्राम्य बोलीत मनोरंजन करतात; पाठ्यपुस्तकाकडे लक्ष पुरवावे. मास्तरांनी वही त्यांच्यापुढं ठेवली तेव्हा साहेबांनी दोन पानं चाळली आणि म्हणाले, "हौस चांगली आहे. सुट्टीत करा." त्यांच्या तळहातावर ऊस खाताना कापल्याची पट्टी होती. मास्तर उगाचच त्या पट्टीकडे बघत राहिले.

चैत्रात झरे आटले. एका सकाळी मास्तरांनी चिंगीला विचारलं, "वाडीत पाणी गाळतात का गं?"

"गाळतात की. समदी गाळतात."

मास्तरांना खरं वाटेना. "का गाळतात?"

चिंगीनं आधी शाळेच्या भाषेत उत्तर दिलं. आता तिला तेही येऊ लागलं होतं. "पाण्यात बारीक जीव असतात, ते पोटात जाऊ नयेत म्हणून." मग तिनं सवयीनं ठाकरीत पुढचं सांगितलं, "एकडोळ्या देव हाय. त्याला गिळलं तर तो कोपतो आन् पायातनं भायेर येतो."

"देव? मी देव कधी म्हटलं?"

"तुमी न्हाई. वाडीतला सावळा आबा म्हनला. त्याच्या सपनात आला."

"मग खरं काय त्यातलं? जीव की देव?"

चिंगीला प्रश्न अवघड वाटला नाही. "शाळंत ते खरं," ती म्हणाली, "आन् वाडीत हे."

मास्तरांनी त्या दिवशी दुपारीच शाळा सोडली. त्यांना कुणावर तरी ओरडायचं होतं, पण पोरगी तर खरं तेच बोलली होती. दोन भाषांतून एकच गोष्ट त्यांनी पोचवायला घेतली होती आणि तिच्या दोन गोष्टी झाल्या होत्या. घरी विठाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, म्हटलं, "गाळतात ना पाणी? मग देव म्हणून गाळू द्यात नाहीतर भूत म्हणून." मास्तर ताटावरून उठले.

पण विठाबाईंचं म्हणणं कुठं अडेल, ते वैशाखात दिसलं. चिंगी चार दिवस शाळेत आली नाही. मास्तर डोंगर चढून वाडीवर गेले. टाक्याच्या वरच्या पायरीशी एक गोल धोंडा मांडलेला, शेंदूर फासलेला, मधोमध एक कवडी बसवलेली. तो डोळा. पुढं चिंगीचं खोपट. ती दारात बसली होती आणि तिच्या घोट्यावर फोड आला होता. टचटचीत, फुटायला आलेला.

वाडीचा म्हातारा सावळा शेजारीच होता. "मास्तर, आमी समदं केलं," तो म्हणाला. "श्रावणापास्नं गाळलं. धोंडा मांडला. तरी त्यानं हिलाच धरलं. आता कोंबडा मागतोय. आन् बाया म्हनत्यात, गाळून काय व्हत न्हाई, तर पदर कशाला फाडायचा?"

हा फोड श्रावणाच्या आधी, न गाळता प्यालेल्या पाण्याचा होता. वर्षाचा हिशेब त्यांनी गोष्टीत घातला होता. आंबे, भात, पुन्हा आंबे. गोष्टीतलं नेमकं तेवढंच गळून गेलं होतं आणि डोळा तेवढा राहिला होता. गोड व्हावी म्हणून त्यांनीच त्या जिवाला नाव दिलं होतं, कपाळ दिलं होतं, भूक दिली होती.

दुसऱ्या दिवशी ते लोणावळ्याला गेले. बाजारात हौशीराम घड्याळजीचं दुकान होतं. रेल्वेतल्या लोकांची आणि तुंगार्लीच्या बंगल्यांतली घड्याळं त्याच्याकडे यायची. डोळ्याला लावायचं त्याचं भिंग मास्तरांनी एका दिवसापुरतं मागितलं. हौशीरामनं चार वेळा नाही म्हटलं आणि पाचव्यांदा रुमालात गुंडाळून दिलं. "पडलं तर माझा डोळा गेला असं समजा," एवढंच म्हणाला.

रविवारी मास्तरांनी टाक्यातलं पाणी पांढऱ्या बशीत घेतलं आणि उन्हात धरलं. नीट बघितलं तर नुसत्या डोळ्यांनाही पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसत होते. भिंगातून त्यांना मिशा दिसल्या, शेपटी दिसली आणि डोक्यावर मधोमध एक तांबडा ठिपका. मास्तरांनी स्वतःही तो पहिल्यांदाच पाहिला.

त्यांनी भिंग सावळ्याला दिलं. म्हाताऱ्यानं बराच वेळ बघितलं. मग बशी खाली ठेवली आणि तिच्यापुढं डोकं टेकलं. "हाय," तो म्हणाला. "एकच डोळा हाय. मास्तर, तुमी खोटं न्हाई बोललात."

मास्तरांनी भिंग रुमालात गुंडाळलं. याच्यापुढं काय करायचं ते त्यांना सुचेना. पत्रक, वही, भिंग, सगळं संपलं होतं. ते रागानंच बोलले, ठाकरीत, गोष्ट न करता. "आबा, तो किडा आहे. त्याला काही कळत नाही. तो कोपत नाही, पावत नाही. त्याच्या पोटात जंताची पिलं माणसंच घालतात."

"कोन घालतं?"

हे विचारलं भागूबाईनं. ही चिंगीची आई, मागल्या वर्षी काडी बांधून पडलेली. ती आतापर्यंत लेकीचा पाय मांडीवर घेऊन ऐकत बसली होती.

"ज्याच्या पायाला नारू आहे तो. पाय पाण्यात बुडवला की जंत पिलं सोडतो."

"आन् माणसाच्या पोटात गेल्यावर किती दिसांनी भायेर येतो म्हनला?"

"वर्षानं."

भागूबाई बोटांवर मोजू लागली. ती काय मोजतेय ते मास्तरांच्या उशिरा लक्षात आलं. लक्षात आलं तेव्हा त्यांना तिला थांबवावंसं वाटलं, पण तोवर तिचं मोजून झालं होतं.

"मागल्या वैशाखात माजा पाय उघडा होता," ती म्हणाली. "पडायच्या आधी आठ दीस मी टाक्यात उतरत होते. पाण्यात आग थांबायची म्हून जास्तच उभी ऱ्हायचे. तेच पाणी हिनं प्यालं." तिनं लेकीच्या फोडाभोवती बोट फिरवलं. "म्हंजी हिला मीच दिला."

"तुला माहीत नव्हतं, भागूबाई."

"न्हवतं. आता हाय."

तिनं भिंग मागितलंच नाही. चिंगी आईच्या तोंडाकडे बघत होती. मास्तर उतरणीला लागले तेव्हा त्यांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. गोष्ट एका माणसाला शेवटपर्यंत समजली होती, कारणासकट, हिशेबासकट. पण ती अशा तऱ्हेनं समजावी, असं त्यांच्या मनात कधी नव्हतं. वाटेत ते दोनदा थांबले. एकदा परत वर जायला वळलेसुद्धा. मग हौशीरामचं भिंग आठवलं आणि ते खाली आले.

चिंगीचा जंत पाच आठवड्यांनी निघाला. तुटला नाही. ती पुन्हा शाळेत आली तेव्हा शाळेत नवे मास्तर होते. महिपती मास्तरांची बदली ज्येष्ठातच झाली होती, देहूच्या बाजूला, जिथं पुढं लष्कराचे डेपो उभे राहिले. शेरेबुकातल्या शेऱ्यामुळं झाली की भिमाजीच्या अर्जामुळं, ते त्यांना कुणी सांगितलं नाही. वहीची नीट नक्कल करून त्यांनी पुण्याला वरिष्ठांकडे पाठवली होती. आठ महिन्यांनी ती परत आली. डाव्या पानांवर लाल शाईनं भाषा शुद्ध केलेली. उजवी पानं कुणी वाचलेली दिसत नव्हती.

तीन वर्षांनी फाल्गुनात, काही कामाला लोणावळ्याला आले असताना, बाजारात त्यांना भागूबाई भेटली. डोक्यावरची लाकडाची मोळी उतरवून ती भिंतीला टेकली होती. केस पिकलेले. मास्तरांनी आधी चिंगीचं विचारलं. चौथीपर्यंत शिकली आणि यंदा लग्न झालं, असं कळलं. मग त्यांनी भीत भीत टाक्याचं विचारलं.

"औंदा कुनालाच न्हाई," भागूबाई म्हणाली. "गेल्या सालाला दोगं. औंदा न्हाई. एक साहेब येऊन लाल औषध टाकून गेला टाक्यात. पाटीवर लिवून गेला की औषधानं गेलं."

"औषध कधी टाकलं?"

"आता, माघात."

"आणि नारू थांबला त्याच्या आधीच?"

"व्हय."

मास्तर हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "मग गेला कशानं? सावळा काय म्हणतो?"

"आबा वारला. धोंडा हाय अजून. बाया गाळतात धोंड्याच्या भ्यानं. पाय बुडवायला मातर कुनी भेत न्हाई. त्याला मी बसते." ती पायरीवर बसते, असं तिनं सांगितलं. उन्हाळ्याचे तीन महिने, सकाळ-संध्याकाळ, हातात काठी घेऊन. पायाला चिंधी दिसली की उतरू देत नाही, स्वतः हंडा भरून देते. दिराला काठी मारली, तेव्हापासून दीर बोलत नाही. जाऊ म्हणते, हिनं पाणी बाटवलं. शिदूसुद्धा म्हणतो, घरचं काम टाकून बसतेस.

"तू त्यांना सांग ना, समजावून. तुला सगळं माहीत आहे."

भागूबाईनं त्यांच्याकडे रोखून बघितलं. "सांगते की. रोज सांगते. तुमच्यावानी गोष्ट करता येत न्हाई मला. मी सांगितलं की भांडण व्हतं." मग आवाज न चढवता म्हणाली, "मास्तर, तुमी सांगून खाली गेलात. भांडायला मला ठिवलंत."

बदली आपल्या हातात नव्हती, हे तिला सांगून काय उपयोग होता? ते म्हणाले, "रविवारी येतो."

"या," ती म्हणाली. "पन देवाचं काय बोलू नका. गाळनं मोडंल."

तिनं मोळी डोक्यावर घेतली. उचलताना मास्तरांनी हात लावला, तेवढाच. त्या रविवारी हेडमास्तरांनी जत्रेच्या बंदोबस्ताचं काम अंगावर टाकलं आणि त्यांना जाता आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी ते पहाटेच्या गाडीनं लोणावळ्याला उतरले आणि आंबेखिंडीची वाट धरली. वाडीवर गेल्यावर काय बोलायचं, हे त्यांनी वाटेत तीन-चारदा मनात जुळवलं. शाळेच्या भाषेत ते कोरडं होत होतं, आणि ठाकरीत बोलू म्हटलं तर देव आडवा येत होता. चढ लागला तेव्हा त्यांनी तो नाद सोडला. वर टाक्याच्या पायरीवर भागूबाई बसलेली दिसली. मास्तर जाऊन तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि पहिली बाई हंडा घेऊन आली, तेव्हा तिच्या पायांकडे बघू लागले.